कापूस वेचणाऱ्या गुलामांचीं चित्रें

फलटण, माण, खटाव या टापूंतील शेतकरी कुटुंबांस कापूस वेचणें म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. बोंड उकललें म्हणजे आंतला कापूस मऊ लागतो. पण बोंडाच्या वाळलेल्या कवचाचीं टोकें सुईसारखीं बोचतात. वेचणाऱ्या बाईच्या कमरेला ओटी असते, पाठ दिवसभर वांकलेली असते, आणि संध्याकाळीं तिची मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर ठरते. हें काम ज्यानें पाहिलें आहे, त्याच्यापुढें कापसाच्या शेताचें एखादें सुरेख चित्र ठेविलें तर तो ढगांकडे किंवा झाडांकडे पाहणार नाहीं; वेचणाऱ्याच्या बोटांकडे आणि पाठीकडे पाहील. सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंत व इंग्लंडांत अशीं चित्रें सचित्र नियतकालिकांतून हजारों घरांत जात होतीं. त्यांतील वेचणारे लोक मजूर नव्हते. ते गुलाम होते. तीं चित्रें कोणीं काढलीं, कशीं छापलीं, त्यांत काय दाखविलें आणि काय वगळलें, आणि त्या कापसाचा महाराष्ट्राशीं संबंध कसा आला, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम कापसाचीच हकीकत पाहिली पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत जो आंखूड धाग्याचा कापूस होतो, त्याची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असते. ती हातानें सोडवावयाची तर एका माणसाचा सबंध दिवस थोड्याशा रुईसाठीं जाई. सन १७९३ मध्यें एली व्हिटनी यानें सरकी काढण्याचें यंत्र तयार केलें आणि ही अडचण एकदम दूर झाली. यंत्रानें माणसाचे श्रम वांचतात असा आपला समज असतो. येथें उलट घडलें. सरकी काढण्याचें काम सोपें झाल्यानें कापूस लावणें फायद्याचें झालें. पण लावणी, खुरपणी व वेचणी हीं कामें हातांनींच करावयाचीं राहिलीं. त्या हातांची मागणी वाढली आणि तीबरोबर गुलामगिरीहि वाढली. सन १७९० च्या खानेसुमारींत अमेरिकेंत सुमारें सात लाख गुलाम होते. सन १८६० च्या खानेसुमारींत त्यांची संख्या ३९,५३,७६० भरली.

सन १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास अमेरिकेच्या कायद्यानें बंदी होती. तेव्हां कापसाच्या नव्या मळ्यांस माणसें कोठून मिळालीं? तीं देशांतूनच मिळालीं. व्हर्जिनिया, मेरिलंड अशा जुन्या राज्यांतील गुलाम विकत घेऊन ते जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या राज्यांत नेण्याचा मोठा व्यापार सुरू झाला. यादवी युद्धापूर्वींच्या सत्तर वर्षांत सुमारें दहा लाख माणसें अशा रीतीनें हलविलीं गेलीं. नवऱ्याला एकानें घ्यावें, बायकोला दुसऱ्यानें, आणि मुलांना तिसऱ्यानें, असे प्रकार नित्याचे होते. इंग्लंडच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकीं तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस या मळ्यांतून येई. सन १८५८ मध्यें दक्षिण कॅरोलिनाचे सेनेटर हॅमंड यांनीं अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहांत, कापूस हाच राजा असून त्याच्याशीं लढण्याची कोणाची छाती नाहीं, अशा अर्थाचें भाषण केलें. तें पोकळ बढाईचें नव्हतें. जगाचा व्यापार त्या वेळीं खरोखरच कापसाभोंवतीं फिरत होता.

ज्या काळांत हा कापूस राजा झाला, त्याच काळांत सचित्र नियतकालिकें जन्मास आलीं. लंडनमध्यें १४ मे १८४२ रोजीं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ निघालें. पुढें अमेरिकेंत बोस्टन येथें सन १८५१ मध्यें ग्लीसन यांचें सचित्र साप्ताहिक निघालें आणि मग तें बलू यांच्या नांवानें सन १८५९ पर्यंत चाललें. न्यूयॉर्क येथें सन १८५० मध्यें ‘हार्पर्स’ मासिक, सन १८५५ च्या अखेरीस फ्रँक लेस्ली यांचें साप्ताहिक आणि सन १८५७ मध्यें ‘हार्पर्स वीकली’ सुरू झालें. फ्रँक लेस्ली हे मूळचे इंग्रज. लंडनच्या त्या पहिल्या सचित्र साप्ताहिकांतच ते खोदकाम शिकून तयार झाले होते. ज्यानें आपल्या गांवाची वेस कधीं ओलांडली नाहीं, अशा वाचकास या पत्रांनीं युद्धें, राजवाडे, आगगाड्या आणि दूरदेशचीं शेतें घरबसल्या दाखविलीं. अमेरिकेच्या उत्तर भागांतील बहुसंख्य लोकांनीं कापसाचा मळा पाहिला तो अशा पानांवरच.

छायाचित्राची कला त्या वेळीं होती. परंतु छायाचित्र जसेंच्या तसें अक्षरांबरोबर छापण्याची युक्ति अद्यापि निघाली नव्हती. ती सन १८८० नंतरच्या दशकांत रूढ झाली. त्यापूर्वीं प्रत्येक चित्र लांकडांत खोदावें लागे. त्यासाठीं बॉक्सवुड नांवाच्या झाडाचें अत्यंत कठीण व दाट कणांचें लांकूड वापरीत. त्याच्या आडव्या कापाच्या पृष्ठभागावर चित्र काढीत आणि जो भाग पांढरा राहावयाचा तो अणकुचीदार हत्यारानें कोरून टाकीत. हें झाड फारसें जाड होत नाहीं. म्हणून मोठ्या चित्रासाठीं लहान लहान ठोकळे मळसूत्रांनीं एकत्र जोडीत. घाई असली म्हणजे ते ठोकळे सुटे करून अनेक कारागिरांत वांटून देत. एक जण आकाश खोदी, दुसरा झाडें, तिसरा माणसें. मग ठोकळे पुन्हा जोडून सांधे जुळवीत आणि त्यावरून धातूचा ठसा घेऊन हजारों प्रती काढीत.

ही माहिती केवळ कारागिरीची नव्हे. चित्राचा अर्थ लावण्यास ती उपयोगी आहे. शेतांत उभें राहून ज्यानें रेखाटन केलें तो एक, तें लांकडावर उतरविणारा दुसरा, आणि खोदणारे तिसरे. यांतील पुष्कळांनीं कापसाचें झाड पाहिलेलें नसे, मग गुलामाचा चेहरा जवळून पाहिलेला कोठून असणार? अशा वेळीं कारागीर ठराविक नमुन्यांचा आश्रय घेतो. डोक्याला रुमाल बांधलेली स्त्री, डोक्यावर टोपली घेतलेला पुरुष, दूर घोड्यावर बसलेला मुकादम, मागें सरकी काढण्याची इमारत, असा एक सांचा तयार झाला आणि तो चित्रामागून चित्रांत वापरला गेला. त्यांत मळ्याच्या मालकाचा चेहरा ओळखूं यावा इतक्या काळजीनें काढलेला असे; वेचणाऱ्यांचे चेहरे मात्र बहुधा एकसारखे, कित्येकदां केवळ काळे ठिपके.

‘हार्पर्स’ मासिकाच्या मार्च १८५४ च्या अंकांत टी. बी. थॉर्प नांवाच्या लेखकाचा कापूस व त्याची लागवड या विषयावर एक लांबलचक सचित्र लेख आला. थॉर्प हे मूळचे उत्तरेकडचे, पण लुइझियानांत पुष्कळ वर्षें राहिलेले लेखक व चित्रकार होते. त्यांच्या लेखांत कापसाची वाटचाल पेरणीपासून बाजारापर्यंत क्रमानें सांगितली आहे आणि मधून मधून चित्रें दिलीं आहेत. माहिती म्हणून लेख चांगला आहे. पीक, कीड, यंत्र, गांठ बांधण्याची रीत, हें सर्व त्यांत सांपडतें. परंतु त्यांत गुलाम हा पिकाच्या वाटचालींतील एक साधन म्हणून येतो. बैल येतो, नांगर येतो, तसा तो येतो. सन १८५८ मध्यें बलू यांच्या साप्ताहिकांत जॉर्जियांतील एका मळ्यावर कापूस वेचण्याचें चित्र प्रसिद्ध झालें. अशीं चित्रें पाहणाऱ्यास सुगीचा देखावा पाहिल्यासारखें वाटे. आकाश निवळलेलें, झाडें भरलेलीं, टोपल्या भरलेल्या, आणि माणसें कामांत गुंतलेलीं. कोठें घाई नाहीं, कोठें भय नाहीं.

आतां याच काळांतील एका वेचणाऱ्याची साक्ष पाहूं. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यांतील स्वतंत्र नागरिक होता. सन १८४१ मध्यें त्याला फसवून पळविलें आणि गुलाम म्हणून विकलें. बारा वर्षें लुइझियानांत काढल्यावर जानेवारी १८५३ मध्यें तो सुटला आणि त्याच वर्षीं त्यानें आपली हकीकत प्रसिद्ध केली. म्हणजे थॉर्प यांच्या लेखापूर्वींच ही माहिती छापील स्वरूपांत लोकांपुढें होती. नॉर्थप सांगतो कीं, उजेड दिसूं लागतांच शेतांत जावें लागे आणि अंधारानें दिसेनासें होईपर्यंत वेचावें लागे. दिवसाचें साधारण काम दोनशें पौंड, म्हणजे सुमारें नव्वद किलो, कापसाचें धरीत. रात्रीं प्रत्येकाची टोपली तोलली जाई. वजन कमी भरलें तर चाबूक ठरलेला. आणि वजन जास्त भरलें तर दुसऱ्या दिवशीं तेवढ्याच कामाची अपेक्षा ठेवीत. म्हणून टोपली घेऊन कांट्याकडे जातांना प्रत्येकाच्या मनांत भीति असे, मग त्यानें कितीहि वेचलेलें असो.

ही साक्ष आणि तीं चित्रें शेजारीं ठेविलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. चित्रांतील एखादा तपशील खोटा आहे असें नव्हे. टोपली खरी, झाड खरें, रुमालहि खरा. परंतु चित्रांत नेहमीं दिवस असतो, संध्याकाळ नसते. वजनाचा कांटा क्वचितच असतो. शेतांतील काम दाखविलें आहे, पण तें काम माणसाकडून ज्या गोष्टीनें करून घेतलें जाई ती दाखविलेली नाहीं. सांगितलेलें सर्व खरें आणि तरीहि एकंदर खोटें, असें चित्र काढतां येतें, याचें हें ठळक उदाहरण आहे.

हें कशामुळें झालें? संपादक सारेच क्रूर होते असें समजण्याचें कारण नाहीं. हीं नियतकालिकें धंद्यासाठीं चालत. वर्गणीदार उत्तरेंतहि होते आणि दक्षिणेंतहि होते. न्यूयॉर्क आणि बोस्टन येथील गिरण्या, पेढ्या व जहाजें कापसावरच चालत. गुलामगिरीच्या वादांत पडल्यास निम्मा ग्राहकवर्ग तुटेल, ही भीति मोठी होती. म्हणून बहुतेक संपादकांनीं राजकारण टाळण्याचें धोरण ठेविलें. परंतु जेथें चाळीस लाख माणसें बंधनांत आहेत तेथें ‘कोणाचीच बाजू घ्यावयाची नाहीं’ असें म्हणून शांत सुगीचें चित्र छापणें हीहि एक बाजूच होते. दक्षिणेंतील बँकांनीं तर आपल्या नोटांवर कापूस वेचणाऱ्या व वाहून नेणाऱ्या गुलामांचीं चित्रें छापलीं. तेथें त्या चित्राचा अर्थ स्पष्टच होता: आमच्या नोटेमागें हा कापूस व हीं माणसें तारण आहेत.

याच्या उलट बाजूचीं चित्रेंहि होतीं. इंग्लंडांत सन १७८७ मध्यें वेजवुड या कुंभकाम करणाऱ्या प्रसिद्ध कारखानदारानें गुडघे टेकून हात जोडणाऱ्या बेडीबद्ध गुलामाची मुद्रा काढली, आणि ती गुलामगिरीविरुद्ध चळवळीची खूण बनली. अमेरिकेंत सन १८३५ मध्यें गुलामगिरीविरोधी मंडळानें आपलीं पत्रकें मोठ्या प्रमाणावर टपालानें दक्षिणेंत पाठविलीं. तेव्हां त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत चार्लस्टन येथें जमावानें तीं काढून त्यांची होळी केली. पुढें डिसेंबरांत अध्यक्ष जॅक्सन यांनीं अशा छापील मजकुरावर व चित्रांवर टपालांत बंदी घालण्याची शिफारस केली. चित्रांची एवढी भीति कां वाटावी? दक्षिणेंतील पुष्कळ राज्यांत गुलामांस लिहावाचावयास शिकविणें गुन्हा होता. अक्षर ज्याला वाचतां येत नाहीं त्यालाहि चित्र वाचतां येतें, हें मळेवाल्यांनीं बरोबर ओळखलें होतें. सन १८५२ मध्यें हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी पुस्तकरूपानें निघाली, तिला हॅमट बिलिंग्ज यांनीं चित्रें काढलीं. हेच बिलिंग्ज ग्लीसन यांच्या साप्ताहिकासाठींहि काम करीत. म्हणजे हात तोच. मागणी करणारा निराळा असला म्हणजे चित्र निराळें होई.

मात्र चळवळीच्या चित्रांसहि एक मर्यादा होती. त्यांत गुलाम मार खातो, रडतो, गुडघे टेकतो. स्वतः उभा राहून कांहीं करीत नाहीं. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामगिरींतून निसटलेले थोर वक्ते व संपादक होते. गोऱ्या कलावंताच्या हातून काळ्या माणसाचें निःपक्षपाती चित्र निघणें जवळजवळ अशक्य आहे, असें त्यांनीं सन १८४९ मध्यें आपल्या पत्रांत लिहिलें. याला उपाय म्हणून ते आवर्जून छायाचित्रकारापुढें बसत आणि गंभीर, ताठ चेहऱ्यानें कॅमेऱ्याकडे पाहत. एकोणिसाव्या शतकांतील ज्या अमेरिकनांचीं सर्वांत अधिक छायाचित्रें निघालीं त्यांत त्यांचें नांव पहिलें घेतात.

सत्य पाहून तें कागदावर उतरविणारा चित्रकार त्या काळांत कोणीच नव्हता असेंहि नाहीं. आयर क्रो नांवाचा तरुण इंग्रज चित्रकार कादंबरीकार थॅकरे यांचा चिटणीस म्हणून अमेरिकेंत गेला होता. ३ मार्च १८५३ रोजीं रिचमंड येथें वर्तमानपत्रांतील जाहिरात वाचून तो गुलामांच्या लिलांवाच्या ठिकाणीं गेला आणि तेथें वही काढून रेखाटूं लागला. व्यापाऱ्यांच्या तें ध्यानांत येतांच त्यांनीं हरकत घेतली आणि त्याला बाहेर पडावें लागलें. हीं रेखाटनें सन १८५६ च्या सप्टेंबरांत ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्यें प्रसिद्ध झालीं आणि सन १८६१ मध्यें त्यावरून केलेलें तैलचित्र लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमींत मांडलें गेलें. त्यांत चाबूक नाहीं, रक्त नाहीं. नीटनेटके कपडे घातलेल्या कांहीं स्त्रिया मुलांना घेऊन बाकावर बसल्या आहेत, एक पुरुष हाताची घडी घालून रोषानें बसला आहे, आणि सर्व जण वाट पाहत आहेत. ते कपडे मायेचे नव्हते; माल चांगला दिसावा म्हणून व्यापारी ते देत असत. येथून पुढें त्यांतील कित्येकांची वाट कापसाच्या मळ्याकडेच जावयाची होती. प्रत्येकाचा चेहरा निराळा आहे, आणि त्यामुळें पाहणाऱ्याला तीं माणसें मोजतां येत नाहींत, ओळखावीं लागतात.

सन १८६१ मध्यें यादवी युद्ध पेटलें आणि दक्षिणेंतील वर्गणीदारांची भीति एकदम संपली. चित्रेंहि बदललीं. ४ जुलै १८६३ च्या ‘हार्पर्स वीकली’मध्यें लुइझियानांतून पळून आलेल्या एका गुलामाचीं तीन चित्रें आलीं; त्यांतील मधलें चित्र चाबकाच्या वळांनीं भरलेल्या पाठीचें होतें. तें छायाचित्रावरून खोदलेलें होतें, आणि तें पाहिल्यावर सुगीच्या देखाव्यांवर विश्वास ठेवणें कठीण झालें. परंतु तेथेंहि सावधगिरी हवी. तीं तिन्ही चित्रें एकाच माणसाचीं म्हणून दिलीं होतीं. त्याविषयीं आणि सोबतच्या हकीकतीविषयीं पुढच्या संशोधकांनीं शंका घेतल्या आहेत. पाठीवरचे वळ खरे; त्यांभोंवतीं रचलेली गोष्ट संपादकाची, असें यांत दिसतें. ज्या विन्स्लो होमर यांनीं तरुणपणीं बलू व हार्पर यांच्या साप्ताहिकांसाठीं चित्रें काढलीं, त्यांनींच युद्धानंतर सन १८७६ मध्यें कापूस वेचणाऱ्या दोन स्त्रियांचें तैलचित्र रंगविलें. त्यांतील स्त्रिया ठिपके नाहींत. शेताच्या वर, आकाशापुढें, त्या उभ्या आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर स्वतःचा असा विचार आहे.

या सर्वाचा महाराष्ट्राशीं संबंध येतो तो याच युद्धामुळें. त्यापूर्वींहि एक धागा होता. सन १८४० मध्यें ईस्ट इंडिया कंपनीनें अमेरिकेच्या दक्षिणेंतून दहा कापूस-मळेवाले हिंदुस्थानांत आणिले आणि त्यांपैकीं कांहींना मुंबई इलाख्यांत पाठविलें. त्यांचे प्रयोग बहुतेक ठिकाणीं फसले. धारवाडकडे मात्र अमेरिकन जातीचा कापूस रुजला. गुलामांच्या मळ्यावर शिकलेली शेती येथील कुणब्याच्या स्वतःच्या शेतांत जशीच्या तशी चालणार नव्हती. युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली. इंग्लंडांत अमेरिकेहून सन १८६१ मध्यें लाखों गांठी आल्या होत्या. सन १८६२ मध्यें त्यांचा अगदीं थोडा अंश आला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि सर्वांचे डोळे मुंबईकडे लागले.

मग ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्यें आपल्याकडील कापसाचीं चित्रें येऊं लागलीं. २३ ऑगस्ट १८६२ च्या अंकांत मुंबईस जी. आय. पी. रेल्वेच्या अखेरच्या स्थानकावर विलायतेस जाण्यासाठीं पडलेल्या गांठींचें चित्र आहे. त्याच वर्षींच्या डिसेंबरांतील एका अंकांत वडाच्या झाडाखालीं विसांवलेल्या कापसाच्या गाड्यांचें चित्र आहे. चित्रें देखणीं आहेत. परंतु अमेरिकेच्या चित्रांविषयीं जो प्रश्न विचारला, तोच येथें विचारला पाहिजे: काय दिसत नाहीं? गांठी दिसतात, गांठींमागचें कर्ज दिसत नाहीं. त्या वर्षांत भाव चढल्यानें सावकारांनीं कापसाच्या पिकावर मुक्त हातानें पैसे दिले. सन १८६५ मध्यें अमेरिकेंतील युद्ध संपलें, भाव कोसळले, १ जुलै १८६५ रोजीं मुंबईंतील सट्टेवाल्यांचें दिवाळें वाजलें. मोठे व्यापारी बुडाले त्याचा इतिहास झाला. शेतकऱ्याचें कर्ज मात्र वहींत राहिलें. त्यावर सन १८६७ नंतर पुणें जिल्ह्यांत सारावाढ झाली आणि पेंच आणखी आंवळला गेला. फलटणच्या उत्तरेस नीरा ओलांडून गेलें कीं बारामती तालुक्यांतील सुपें लागतें. त्या सुप्याच्या बाजारांत १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळले. तेथून दंगे पसरले, चौकशी समिति नेमली गेली, आणि सन १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठींचा कायदा झाला; तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू झाला. दंग्यांचें कारण एकटा कापूस नव्हता. परंतु लंडनच्या चित्रांतील त्या गांठींची दुसरी बाजू पहावयाची असेल तर ती सुप्याच्या त्या राखेंत पाहावी लागते.

कर्जबाजारी कुणबी आणि विकत घेतलेला गुलाम यांची स्थिति एकच होती असें म्हणणें चुकीचें होईल. कुणब्याचें मूल बाजारांत विकलें जात नव्हतें, आणि वही जाळण्यास त्याचे हात मोकळे होते. पण गुलामगिरी ही केवळ अमेरिकेची गोष्ट, असेंहि समजूं नये. पेशवाईंत कुणबिणींची खरेदीविक्री होत असे, याचे कागद उपलब्ध आहेत. इंग्रजी मुलखांत सन १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली, आणि पुढें दंडविधानानें माणसाची विक्री गुन्हा ठरविली.

या दोन्ही गोष्टी एकत्र पाहणारा पुरुष महाराष्ट्रांतच निघाला. जोतीराव फुले यांचें मूळ घराणें फलटणच्या दक्षिणेस, खटाव तालुक्यांतील कटगुणचें. त्यांनीं सन १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि तें अमेरिकेंतील सज्जन लोकांस अर्पण केलें. काळ्या गुलामांस मुक्त करण्यासाठीं त्या लोकांनीं जी निःस्वार्थ बुद्धि व जो त्याग दाखविला त्याचा गौरव करून, आपल्या देशबांधवांनीं शूद्र बंधूंच्या सुटकेच्या कामीं तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा जोतीरावांनीं त्या अर्पणपत्रिकेंत व्यक्त केली. दूरच्या मळ्यावरील माणसाचें दुःख त्यांनीं देखावा म्हणून पाहिलें नाहीं. त्यांनीं तें आपल्या दारांतील दुःखाशीं ताडून पाहिलें. पुढें ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत त्यांनीं कुणब्याच्या घराचें व ताटाचें जें वर्णन केलें, त्यांत सचित्र पत्रांतील चित्रांत जें वगळलें जाई नेमकें तेंच भरलेलें आहे.

आज चित्रांचा तुटवडा नाहीं. शेताचीं, मजुरांचीं, पुराचीं, दुष्काळाचीं चित्रें प्रत्येकाच्या खिशांतील यंत्रांत दिवसभर येत असतात, आणि लांकूड खोदण्याचे श्रमहि आतां कोणास पडत नाहींत. पण चित्र वाचण्याची रीत बदललेली नाहीं. हें कोणीं काढलें आणि कोणासाठीं काढलें? त्याचे पैसे कोण देतो? यांत कोणाचा चेहरा स्पष्ट आहे आणि कोणाचा ठिपका झाला आहे? चित्रांतील घटकेच्या आधीं काय झालें आणि नंतर काय होणार आहे? आणि ज्याचें हें चित्र आहे, त्यानें स्वतः आपल्याविषयीं कांहीं सांगितलें आहे काय? शाळेंतील मुलांना इतिहासाच्या पुस्तकांतील एखादें चित्र दाखवितांना एवढे पांच प्रश्न विचारले तरी त्यांची दृष्टि तयार होईल.

या प्रश्नांतील शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे. थॉर्प यांच्या लेखांतील चित्रें ज्यांनीं पाहिलीं, त्यांना नॉर्थपचें पुस्तक बाजारांत मिळत होतें. दोन्ही उघडून शेजारीं ठेवणें एवढेंच काम होतें. ज्यांनीं तें केलें त्यांस कापसाच्या टोपलीबरोबर वजनाचा कांटाहि दिसला. ज्यांनीं केलें नाहीं त्यांच्या दृष्टीला केवळ सुगी दिसली. कापूस तोच, शेत तेंच. वेचणाऱ्याचें म्हणणें ऐकलें कीं नाहीं, एवढाच काय तो फरक.